भाच्याची कमाई, मामाच्या नावावर प्लॉट

प्रश्न : मी महावितरणमध्ये आहे, वय 53, राहायला नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात. माझी ताई कॅनडात ब्रॅम्पटनला असते. तिचा 27 वर्षांचा मुलगा व्यावसायिक आइस हॉकी खेळतो, फॉरवर्ड आहे. नागरिकत्व कॅनडाचं, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड आहे. सध्या जर्मनीत दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये एका मोसमाच्या करारावर आहे. हातात महिन्याला 2,500 युरो येतात, तेही वर्षातले आठ महिने. फ्लॅट आणि गाडी क्लबची. साठलेले साधारण 26 लाख आहेत. जामठ्याच्या पुढे एका ले-आउटमध्ये 36 लाखांचा प्लॉट पाहिलाय. 12 लाख आता द्यायचे, बाकीचे दोन वर्षं दरमहा 1 लाख. सातबाऱ्यावर जमीन अजून शेतीच आहे, म्हणून डेव्हलपर म्हणतो, ‘तुमची काटोलला शेती आहे, तुमच्या नावानं घ्या, एनए (बिगरशेती) झालं की भाच्याच्या नावे करून देऊ.’ ताईचाही आग्रह आहे. 51 हजार टोकन मी माझ्या खात्यातून दिलंय. पुढे जाऊ का?

उत्तर : नको. प्लॉट वाईट आहे म्हणून नव्हे. तो मला माहीत नाही. ज्या पद्धतीनं तुम्ही घ्यायला निघालात, ती तुम्हा दोघांनाही महागात पडेल.

आधी तुमच्या नावाचं बघू. पैसा एकाचा आणि मालकी दुसऱ्याच्या नावावर, याला कायद्यात बेनामी व्यवहार म्हणतात. नवरा-बायको आणि मुलं यांना त्यात सूट आहे. भाऊ-बहीण, आईवडील यांनाही आहे, पण कागदावर दोघांची नावं एकत्र असली तर. मामा-भाचे या सवलतीत बसत नाहीत. 2016 च्या दुरुस्तीनंतर मालमत्ता जप्त होऊ शकते, एक ते सात वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते आणि बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंडही. ‘मग त्यानं मला पैसे बक्षीस दिले असं दाखवू’ हा सल्ला कुणीतरी देईलच. तिथं आणखी एक गंमत आहे. मामानं भाच्याला कितीही दिलं तरी भाच्याला कर नाही, पण भाच्यानं मामाला दिलेली रक्कम वर्षात 50 हजारांच्या वर गेली की ती सगळीच मामाच्या उत्पन्नात धरली जाते. आयकराच्या ‘नातेवाईक’ व्याख्येत मामा येतो, भाचा येत नाही. म्हणजे 12 लाखांवर कर तुम्ही भरायचा, तोही तुमच्या पगारावर चढून.

डेव्हलपरला तुमचं नाव का हवंय, हे त्याच्याच बोलण्यात आहे. ओसीआय कार्डधारकाला भारतात घर, दुकान, एनए प्लॉट विकत घेता येतो. शेतजमीन, फार्महाऊस घेता येत नाही. आज ती जमीन शेती आहे, म्हणून भाचा ती घेऊच शकत नाही. आणि ‘एनए होऊन जाईल’ या वाक्यावर वर्धा रोड, बेसा, हिंगणा या पट्ट्यात किती जणांचे पैसे अडकलेत, हे नागपूरकराला मी काय सांगणार! एनएचा आदेश, एनएमआरडीएनं (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं) मंजूर केलेला नकाशा आणि प्लॉट विक्रीला मोकळे केल्याचं रिलीज लेटर हातात पडेपर्यंत तिथं प्लॉट नसतो, शेतात चुन्याच्या रेघा असतात.

आता भाच्याच्या कमाईकडे येतो, कारण खरा प्रश्न तिथं आहे. ‘परदेशात प्रोफेशनल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी आइस हॉकी लीग येते. तिथं 2025-26 च्या मोसमात किमान पगारच 7,75,000 डॉलर होता. जर्मनीची दुसरी श्रेणी हे वेगळं जग आहे. करार बहुतेक एका मोसमाचे, आणि संघात परदेशी खेळाडूंच्या जागा मर्यादित. क्लब ती जागा कॅनडाच्या फॉरवर्डला देतो ती गोल करण्यासाठी. दहा-बारा सामने गोल आटले, की एजंटांचे फोन सुरू होतात आणि जानेवारीत त्याच जागेवर दुसरा कुणी येतो. पोरगा कितीही मेहनती असला तरी हे त्याच्या हातात पूर्णपणे नसतं.

युरो 100 रुपये धरून हिशेब करा. आठ महिन्यांचे 20 लाख. जेवणखाण, फोन, पेट्रोल, किरकोळ मिळून महिन्याला 1 लाख, म्हणजे 8 लाख. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत पगार नाही. विमानाचं तिकीट, जिम, बर्फाच्या रिंकचं भाडं, कोच यात 3 लाख तरी जातात, तेही ताईकडे राहून. उरले 9 लाख. प्लॉटचा हप्ता वर्षाला 12 लाख. दरवर्षी 3 लाखांचा खड्डा, तोही सगळं सुरळीत चाललं तर. 26 मधून 12 गेले की 14 उरतात, पहिल्या वर्षाअखेर 11. दुसऱ्या मोसमाचा करार झाला नाही, तर त्या 11 मधून 12 लाखांचे हप्ते भरायचे आणि पोटही भरायचं. मग ताई फोन तुम्हालाच करणार, आणि तुम्ही पीएफला हात लावणार.

दुखापत हा या धंद्याचा भागच आहे. भारतीय वंशाचा मॅनी मल्होत्रा हा एनएचएलमधला नावाजलेला फॉरवर्ड. मार्च 2011 मध्ये पक (खेळातली रबरी चकती) डोळ्यावर बसला. तो परतला, पण 2013 मध्ये त्याच्या संघानं नजरेच्या कारणावरून त्याला उरलेल्या मोसमासाठी बाहेर बसवलं. जर्मनीत एक बरं आहे : खेळाडू क्लबचा कर्मचारी धरला जातो. जायबंदी झाला तर सहा आठवडे क्लब पगार देतो, पुढे सरकारी व्यवस्थेतल्या अपघात विम्याकडून भरपाई मिळते. करार संपल्यावर उपचार सुरू असतील तर काय, हे मात्र त्यानं एजंटकडून लेखी घ्यावं.

मी त्याच्या जागी असतो तर 26 पैकी 12 लाख रुपये युरो चलनातच, हाताशी ठेवले असते. वर्ष-सव्वा वर्ष करार मिळाला नाही तरी त्यात निभतं. 8-9 लाख एफसीएनआर ठेवीत (अनिवासींची परदेशी चलनातली बँक ठेव), युरोमध्येच; वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही, एवढं लक्षात ठेवा. उरलेले शिक्षणासाठी. कोचिंगचा परवाना असो की अर्धवट राहिलेली पदवी, तिशी-पस्तिशीनंतर त्याला त्यावरच जगायचंय, प्लॉटवर नाही. ताई त्याच्या नावानं कॅनडातल्या टीएफएसए (करमुक्त बचत) खात्यात पैसे टाकत असतील तर तपासायला सांगा. तो तिथला करनिवासी राहिला नसेल, तर नव्या भरण्यावर दरमहा 1 टक्का कर लागतो.

नागपुरात त्याचं काही असावं ही ताईची इच्छा मला कळते. दोन-तीन मोसमांनी हाताशी ठेवलेल्या रकमेला धक्का न लागता पैसे जमले, तर मंजूर ले-आउटमधला एनए प्लॉट त्याच्याच नावानं, त्याच्या एनआरई (परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या) खात्यातून, एकरकमी घ्या. तुम्ही मुखत्यार व्हा. जर्मनीतल्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र साक्षांकित करता येतं.

टोकन परत मागा, व्हॉट्सॲपवर नाही, सहीच्या पत्रानं, पोच घेऊन. तो काही कापून देईल, कदाचित देणारही नाही. तरी पुढे काही भरू नका. आणि ताईला हे आकडे तुम्हीच सांगा. भाच्याला ते सांगायला लावू नका.