बाटलीवरचं साल बघतोस तर तिथलं हवामान पण बघ

अरे भावा, बाटलीवरचं साल म्हणजे द्राक्षं तोडल्याचं साल, ते जुनं म्हणजे भारी वाईन असं धरून चालू नको. आपल्याकडं मराठवाड्यात एप्रिलला खरड छाटणी (नव्या काड्या वाढवायला), ऑक्टोबरात गोडी छाटणी (घड धरायला) अन् उन्हाळ्याच्या तोंडाला माल, वेलीला पूर्ण झोप अशी नसतेच. फ्रान्सच्या शाब्लीत नाहीतर जर्मनीच्या मोझेलला हिवाळाभर वेल झोपलेली असते, सगळा खेळ एप्रिल ते ऑक्टोबर.

लई धोका एप्रिललाच, कोंब फुटलेले अन् रात्री पारा शून्याखाली, की संपलं. 2021 च्या एप्रिलात शाब्लीत तेच झालं, लोकांनी रात्रभर बागेत मेणबत्त्या पेटवल्या, काहींनी कोंबावर पाणी मारलं, कारण पाणी गोठताना उष्णता सोडतं अन् आतला कोंब वाचतो (ऐकायला येडेपणा वाटतो पण चालतं), तरी माल लईच कमी निघाला. आपली 2014 ची गारपीट आठव, फक्त त्यांचं घड दिसायच्या आधीच गेलं.

जूनला फुलोऱ्यात पाऊस-गारठा आला तर मणी कमी धरतात, बस. खरी चव शेवटच्या दीड महिन्यात ठरते. गारठ्याचं ढगाळ साल असलं की साखर कमी, आंबटपणा जास्त, अन् 2003 सारखी उष्णतेची लाट आली की उलटं, तवा फ्रान्सच्याच बर्गंडी भागात ऑगस्टातच तोडणी सुरू झाली होती. मला अशा सालाची वाईन जड वाटते, बाकी ज्याची त्याची आवड. तोडणीच्या तोंडावर पाऊस पडला तर घडकूज.

तू आधी एकाच उत्पादकाची शाब्ली (तिथली वाईन) 2018 ची, जे गरम साल होतं, अन् 2021 ची शेजारी ठेवून चाख.