चाळिशीनंतरच्या बायका कुठे गेल्या?

'मॅडम, मी सगळे भाग पाहिलेत. रात्री, कानात हेडफोन घालून. घरात कुणाला माहीत नाही.'

गुन्हा कबूल करावा तशा खालच्या आवाजात त्या बोलल्या. वय ५८. मुलगी तिशीला आलेली. आपलं एका मुलीवर प्रेम आहे आणि आपण दोघी चार वर्षं एकत्र राहतोय, हे तिने आठ महिन्यांपूर्वी आईला सांगितलं होतं. आई 'बरं' म्हणाली. त्यानंतर मायलेकींमध्ये या विषयावर एक शब्द नाही. (ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत.)

मी समुपदेशक आहे. अशा आया मला आता वरचेवर भेटतात, कधी वडीलही. मुलीला विचारायचा धीर होत नाही, दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नसते, मग हात फोनकडे जातो. शोधलं की पहिल्यांदा वर येतात ते रिॲलिटी शो. दुसऱ्या बाजूने पंचविशीच्या मुली येतात. त्या म्हणतात, 'आमच्यात तसं काही घडतच नाही, म्हणजे आमच्या प्रेमातच काही कमी आहे का?' आई घाबरते आणि मुलगी खट्टू होते, आणि दोघींनी पाहिलेला असतो तोच कार्यक्रम.

या ताईंनी पाहिला होता 'द अल्टिमेटम : क्वीअर लव्ह'. २०२३ साली नेटफ्लिक्सवर आलेला. पाच जोड्या. प्रत्येक जोडीत एकीला लग्न हवंय, दुसरीची तयारी नाही. मग सगळ्यांनी आपली जोडीदारीण सोडायची, दुसरीबरोबर तीन आठवडे संसार करून पाहायचा, मग पुन्हा तीन आठवडे आपल्या जुन्या जोडीदारणीबरोबर, आणि शेवटी निर्णय.

'एकीला सोडून दुसरीकडे, पुन्हा पहिलीकडे. सारखं रडणं, सारखी भांडणं. माझी मुलगी असं आयुष्य काढणार?'

पहिल्या भेटीत मी समजावायला गेले. हा साचा त्या मुलींचा नाही, निर्मात्यांचा आहे. हाच खेळ आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, स्त्री-पुरुषांच्या जोड्यांना घेऊन झाला होता, आणि तिथेही रडारड काही कमी नव्हती. अशा कार्यक्रमांत शेकडो तासांचं चित्रण होतं आणि आपल्याला त्यातले तासाभराचे तुकडे दिसतात. कॅमेऱ्यासमोर एकटीने बसून मन मोकळं केल्यासारखी जी मुलाखत दिसते, तिच्यात प्रश्न विचारणारा माणूस पडद्याबाहेर बसलेला असतो आणि नंतर त्याचे प्रश्न कापले जातात. वेगवेगळ्या दिवशी बोललेली दोन अर्धी वाक्यं जोडून एक वाक्य करणं ही या धंद्यात नेहमीची गोष्ट आहे.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'ते मला कळतं हो. पण बाई-पुरुषाचा संसार मी दुसरीकडेही पाहिलाय ना. माझ्या आईवडिलांचा पाहिलाय, बहिणींचा पाहिलाय, स्वतःचा केलाय. त्यामुळे टीव्हीवर काहीही दाखवलं तरी मला फरक पडत नाही. या मुलींचं मात्र मी आयुष्यात एवढंच पाहिलंय.'

इतकी वर्षं हे काम करते आहे, पण हा मुद्दा इतक्या स्वच्छपणे मला कुणी सांगितला नव्हता. आपण नेहमी विचारतो, कार्यक्रमात दाखवलेलं खरं की खोटं? ताईंचा प्रश्न वेगळाच होता. शेजारी ठेवून पाहायला दुसरं काही नसेल, तर खऱ्याचा एक तुकडासुद्धा फसवतो.

आणि तुकडा तरी कोणता? 'द एल वर्ड' ही लेस्बियन स्त्रियांच्या आयुष्यावरची काल्पनिक मालिका २००९ साली संपली, तेव्हा तिच्याच निर्मातीने २०१० मध्ये 'द रिअल एल वर्ड' काढला. नावातच 'खरं' होतं. लॉस एंजेलिसमधल्या मोजक्या स्त्रिया, पार्ट्या, प्रेमप्रकरणं, शय्यागृहापर्यंत गेलेला कॅमेरा. त्याआधी २००७ मध्ये एमटीव्हीने पुरुष आणि स्त्रिया दोघांचीही ओढ असलेल्या एका तरुणीसाठी १६ पुरुष आणि १६ लेस्बियन स्त्रिया यांची स्पर्धा लावली होती. स्त्रीचं स्त्रीवरचं प्रेम तिथे एक धक्कातंत्र म्हणून वापरलं गेलं, आणि ते पाहून मला अजूनही राग येतो. पुढे सूर बराच सुधारला. २०२४ मध्ये बीबीसीने 'आय किस्ड अ गर्ल' आणला. त्यात मुली एकमेकींना आपापल्या घरी काय घडलं, किती वर्षं लपवावं लागलं ते सांगतात. ते प्रसंग मी काही जणींना मुद्दाम पाहायला सांगते. तरीसुद्धा चौकट तीच राहते : सुंदर जागा, विशी-तिशीतल्या देखण्या मुली, हातात थोडे दिवस, आणि निवड करायची घाई.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून मी समजावणं थांबवलं. माणूस स्वतःच्या आयुष्याची एक गोष्ट मनात बाळगून असतो आणि त्या गोष्टीतल्या गाळलेल्या जागांतच त्याचं दुखणं दडलेलं असतं, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. ऑस्ट्रेलियातले मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधले डेव्हिड एप्स्टन या समुपदेशकांनी ही वाट घालून दिली आणि तिने मला क्वचितच चकवलं आहे.

म्हणून मी विचारलं, 'ताई, त्या कार्यक्रमात काय दिसलं ते तुम्ही सांगितलंत. आता काय दिसलं नाही ते सांगाल?'

त्या बराच वेळ गप्प होत्या. अशा वेळी बोलायचं नसतं. समुपदेशकाला शांतता सोसता आली पाहिजे, आणि ती मी प्रयत्नाने शिकले आहे.

'म्हातारी बाई,' त्या म्हणाल्या. 'म्हातारी कुणीच नव्हती. पन्नाशीची नाही, साठीची नाही. मुलींच्या आया आल्या एखाद-दुसऱ्या वेळी, पण त्या तर आमच्यासारख्या. या मुलींसारख्या बायका चाळिशीनंतर जातात कुठे?'

आणि मग, माझ्याकडे न बघता, 'मी गेल्यावर ही आजारी पडली तर उशाशी कोण बसेल?'

आठ महिन्यांची ती शांतता इतकी साधी होती. लाज नव्हती, राग नव्हता, लोक काय म्हणतील हेही फारसं नव्हतं. मुलीच्या म्हातारपणाचं चित्र त्यांना डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं. त्या पडद्यावर तेच शोधत होत्या, आणि पडद्यावर एवढ्या एका गोष्टीला जागा नव्हती.

त्या दिवशी मी त्यांना डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांच्याबद्दल सांगितलं. दोघी १९५३ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका घरात राहायला लागल्या. दोन वर्षांनी आणखी काही जणींना घेऊन त्यांनी लेस्बियन स्त्रियांची संघटना काढली. २००८ च्या जूनमध्ये त्यांचं कायदेशीर लग्न झालं तेव्हा दोघी ऐंशी ओलांडलेल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेल गेल्या. पंचावन्न वर्षांचा संसार.

'पंचावन्न?' ताईंनी पुन्हा विचारलं. 'आणि हे कुणी दाखवत कसं नाही?'

दाखवणार कसं? पंचावन्न वर्षांत बहुतेक दिवस एकसारखे असतात. आठवड्यामागून आठवडे बिलं भरली जातात, कपडे वाळत घातले जातात, एकीच्या चष्म्याचा नंबर वाढतो. अशा दिवसांसमोर कॅमेरा टिकत नाही. हे स्त्री-पुरुषांच्या कार्यक्रमांनाही लागू आहे, पण त्यांची साधी दिवसांमागून दिवस चाललेली आयुष्यं आपल्याला खिडकीतूनसुद्धा दिसतात.

पुढच्या भेटीला मुलगी आली. खुर्चीच्या कडेवर बसली होती, उठून जायच्या तयारीत. तिला वाटत होतं, आई आता 'हे सोडून दे' म्हणणार. 'मी सांगितलं आणि हिने बोलणंच बंद केलं,' ती मला म्हणाली, आईला नाही.

'मला नको, आईला सांग,' मी म्हटलं असतं, पण त्याआधी ताईच बोलल्या. 'तू आजारी पडलीस तर ती बघेल का तुझ्याकडे?'

मुलीला प्रश्न कळायलाच वेळ लागला. मग तिने विचारलं, 'आई, दोन वर्षांपूर्वी मला ताप आला होता तेव्हा तू पोचू शकली नव्हतीस. तुला मेसेज कोण करत होतं?'

'तुझी ती रूममेट.'

'आई.'

ताईंनी फोन काढला. बराच वेळ बोट वर सरकत राहिलं. जुने मेसेज सापडले तेव्हा त्यांनी ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली. रात्री ११.४०, ताप १०२. दीड वाजता, १०१.४, पाणी प्यायली. सव्वातीन, झोप लागलीये, तुम्हीही झोपा काकू. पहाटे पाच, ताप उतरतोय. चार रात्री असंच. त्यांचा आवाज दुसऱ्या रात्रीपर्यंत टिकला. मग फोन त्यांनी मुलीच्या हातात दिला आणि उरलेल्या रात्री मुलीने वाचल्या.

ज्या गोष्टीसाठी त्यांनी रात्री जागून सगळे भाग पाहिले, ती दोन वर्षं त्यांच्याच फोनमध्ये होती. 'रूममेट' या शब्दाखाली. मी आजवर पाहिलेल्या सगळ्यात सुंदर बैठकींपैकी ही एक, आणि या अर्ध्या तासात मी एक शब्दही बोलले नाही, याचं मला समाधान आहे.

आता जे आईवडील हे वाचत असतील त्यांच्यासाठी थोडं. कार्यक्रम बघितलात यात गैर काही नाही. तो तुमचा मुलीपर्यंत पोचण्याचा प्रयत्न आहे, आणि तसं तिला सांगून टाका. मात्र त्यातलं उचलून 'तुमच्यात असंच असतं का?' असं विचारू नका. तुमचा मंगळवार कसा जातो, घरात आधी कोण उठतं, दुखलं-खुपलं तर कोण धावतं, हे विचारा. हा काही आजार तर नाही ना, हा प्रश्न अजूनही मनात असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतून समलैंगिकता १९९० साली काढून टाकण्यात आली आहे. एवढं पुरे, त्यावर वेळ घालवू नका.

पाहायचंच असेल तर मी प्रेम जुळवणाऱ्या कार्यक्रमांपेक्षा दुसऱ्या स्पर्धा सुचवते. २०२० मध्ये बीबीसीच्या 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग'मध्ये ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवणारी मुष्टियोद्धा निकोला ॲडम्स व्यावसायिक नर्तकी केट्या जोन्सबरोबर नाचली. त्या कार्यक्रमातली ही दोन स्त्रियांची पहिली जोडी. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री तिथे पाय चुकू नये म्हणून घाम गाळताना दिसते. तिचं प्रेम हा तिच्या आयुष्याचा एक भाग असतो, कार्यक्रमाचा विषय नसतो. घाबरलेल्या आईवडिलांना असं पाहून जितकं हलकं वाटतं, तितकं मी तासभर बोलूनही वाटत नाही.

आणि मुलींनो, 'हे बघ म्हणजे तुला कळेल' असं म्हणून आईच्या हाती कार्यक्रम देऊन निघून जाऊ नका. शेजारी बसा. मध्येच थांबवा आणि 'आमच्याकडे असं नाही' हे तुम्हीच म्हणा. आईची शांतता म्हणजे नकार असं लगेच धरून चालू नका. कधी कधी तो नकारच असतो, हे मी जाणते, आणि तेव्हा वेगळं बोलावं लागतं. पण एकदा विचारून तरी पाहा. तुमच्यात काहीच 'घडत' नाही म्हणून खट्टू होऊ नका. रात्री सव्वातीनला कुणी तुमचा ताप मोजत असेल, तर बरंच काही घडतं आहे.

शेवटच्या भेटीत ताईंनी निघताना दारात थांबून लेकीला विचारलं, 'तिच्या घरी माहीत आहे का गं?'

'अजून नाही.'

'मग घाई नको. तिला वाटेल तेव्हा सांगू दे. फक्त सांगायच्या दिवशी मला फोन करायला सांग. तिच्या आईशी मी बोलेन. तो कार्यक्रम बघायच्या आधी.'