बर्लिनला येतेयस तर आधी पोटाचं बघ

तू विचारलंयस की पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून जर्मन केलंय, मराठी-हिंदी आहेच, आईकडून पंजाबी येते, तर बर्लिनला येऊन शिकवणं, इंटरप्रिटिंग म्हणजे दुभाष्याचं काम आणि प्रायोगिक कवितांची छोटी पुस्तकं काढणं हे तिन्ही जमेल का. जमतं, मी तेच करतोय, फक्त तिन्हींतून पैसा येईल असं धरून येऊ नकोस. घरभाडं निघतं ते इंटरप्रिटिंगमधून.

युनिव्हर्सिटीत बाहेरच्याला बहुतेक वेळा ‘लेअरआउफ्ट्राग’ मिळतं, म्हणजे आपलं सीएचबीच, तासिका तत्त्वावरचं काम समज. वर्गातल्या तासांचे पैसे, पेपर तपासणं फुकट, सुट्टीत शून्य. हायडेलबर्गला खंडोबावर काम करणारे सोंथायमर होते वगैरे सगळं खरं, पण ते 1992 मध्ये वारले आणि मराठीच्या भरवशावर तिकीट काढावं अशा जागा इथे नाहीत.

कोर्टाचं काम मात्र बरं पडतं. दर कायद्यानेच ठरलेला, 2021 मध्ये तासाला 85 युरो झाला, 2025 मध्ये आणखी वाढला, आणि प्रवास नि कॉरिडॉरमध्ये ताटकळलेला वेळही त्यात धरतात. मराठीला बोलावणं क्वचित, तुझी पंजाबी जास्त कामाला येईल. आरोपीच्या शेजारी बसून कानाशी कुजबुजत राहायचं आणि तो बोलला की ‘तो म्हणतो’ नाही, ‘मी त्याला ढकललं’ असंच सांगायचं, पहिल्यांदा जीभ अडखळते बघ. रकमा, तारखा, गाड्यांचे नंबर वहीत लिहून घ्यायचे, डोक्यावर विसंबायचं नाही. कोर्टाचा शपथ घेतलेला दुभाषी व्हायला 2023 पासून नवा केंद्रीय कायदा आहे, भाषा येते एवढं पुरत नाही, परीक्षा पास झाल्याचा कागद लागतो, तर ती तयारी तिथूनच सुरू कर.

आता प्रकाशन. शिकवणं नि भाषांतर टॅक्सवाल्यांच्या लेखी फ्रीलान्स, पण पुस्तकं छापून विकणं म्हणजे ‘गेवेर्ब’, धंदा, त्याची नोंदणी वेगळी आणि हिशोबही वेगळा ठेवायचा. स्टुडंट व्हिसावर आलीस तर यातलं काहीच आपल्या मनाने सुरू करता येत नाही, इमिग्रेशन ऑफिसची परवानगी आधी. पुस्तक आलं की दोन प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला फुकट द्यायच्या, आणि किंमत एकदा ठरली की दुकानदारालाही गिऱ्हाइकाला डिस्काउंट देता येत नाही, तसा कायदाच आहे. रिसोग्राफवर, म्हणजे स्टेन्सिलने छापणाऱ्या मशीनवर, दोन रंगांत छापलेलं पातळ पुस्तक मिस रीडसारख्या कला-पुस्तकांच्या जत्रेत लोक हातात घेऊन बघतात, कागद चाचपतात, छान म्हणतात आणि बरेचसे खाली ठेवून जातात. छपाई नि टपाल निघालं तरी मी खूष असतो. कवी अरुण कोलटकरांचं पोट जाहिरातींवर चालायचं, कवितेवर नाही, हे आपल्या प्रायोगिकवाल्यांनी ध्यानात ठेवायला हवं.

साहित्याचं भाषांतर करणार असशील तर ‘केएसके’त, म्हणजे कलाकार-लेखकांच्या सामाजिक विमा संस्थेत, अर्ज कर. वर्षाला 3,900 युरोच्या वर कमाई लागते, नवख्यांना पहिली तीन वर्षं या अटीतून सूट, आणि हेल्थ इन्शुरन्स-पेन्शनचा साधारण अर्धा भार तिकडून उचलतात. इंटरप्रिटिंग मात्र त्यात बसत नाही.

आणि हो, पंजाबी नुसती बोलतेस की गुरुमुखी लिहा-वाचायला येते ते कळव, कोर्टाची कागदपत्रं भाषांतराला घ्यायची तर ते लागेलच.