वाचकांचे प्रश्न: फोनमधून पुसलं की क्लाउडवरूनही जातं का?

प्रश्न: फोनची १२८ जीबी जागा भरत आली आहे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू आहे, म्हणजे सगळे फोटो क्लाउडवर असणार. मग फोनमधले पुसले तर चालेल ना? मुलांचे दहा वर्षांचे फोटो आहेत, म्हणून हात धजत नाही. (सांगली)

उत्तर: हात थांबला ते फार बरं झालं. गूगल फोटोज उघडून त्यातच फोटो निवडला आणि कचरापेटीचं चिन्ह दाबलं, तर तो फोनमधून जातो आणि क्लाउडवरूनही. पडद्यावर एकच चौकट दिसते, पण तिच्यामागे फोनमधली आणि क्लाउडवरची अशा दोन्ही प्रती एकमेकींना बांधलेल्या असतात. हे खरं तर सिंक आहे, म्हणजे एकीकडे केलेला बदल दुसरीकडेही होणं. बॅकअप म्हणजे एक प्रत गेली तरी दुसरी जागेवर राहणं. ॲप शब्द बॅकअपचा वापरतं आणि पुसताना वागतं सिंकसारखं, गोंधळ इथेच होतो. बॅकअप झालेला फोटो चुकून पुसला गेलाच, तर तो ६० दिवस ॲपच्या ट्रॅशमध्ये राहतो. बॅकअप न झालेल्याला ३० दिवसच मिळतात.

जागा मोकळी करायची तर आधी ॲपमध्ये उजवीकडे वरच्या कोपऱ्यात तुमच्या खात्याचं गोल चिन्ह दाबा. तिथे बॅकअप पूर्ण झाल्याचं लिहिलेलं हवं. किती फोटो बाकी आहेत असा आकडा दिसला, तर फोन चार्जिंगला लावून वायफायवर ठेवा आणि बॅटरी सेव्हर बंद करा. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चाललेली कामं थांबवतो आणि अपलोड अर्ध्यावर अडकतं. घाईही करू नका. १०,००० फोटो प्रत्येकी ४ एमबीचे धरले तर ४० जीबी होतात. अपलोडचा वेग १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट) असेल तर सेकंदाला सव्वा मेगाबाइटच वर जातो, म्हणजे जवळजवळ नऊ तास लागतात. ब्रॉडबँडच्या जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो, तो इथे धरायचा नाही.

मग बॅकअपच्या सेटिंग्जमध्ये फोनमधल्या फोल्डरांची यादी बघा. कॅमेऱ्याचं फोल्डर आपोआप घेतलं जातं, व्हॉट्सॲपचं मात्र स्वतः चालू करावं लागतं. नातेवाइकांनी पाठवलेले बारशाचे, मुंजीचे फोटो नेमके तिथेच पडलेले असतात. हे सगळं झालं की ‘फ्री अप स्पेस’ वापरा. हा पर्याय क्लाउडवर पोहोचलेल्या फोटोंच्याच फोनमधल्या प्रती काढतो आणि क्लाउडला हात लावत नाही.

आता १५ जीबीचं गणित. ही मोफत जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघांत मिळून आहे, आणि १ जून २०२१ पासून चढवलेले सगळे फोटो त्यात मोजले जातात. ती भरली की फोटो थांबतातच, शिवाय ई-मेलही यायचं बंद होतं. ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलं तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो १६ वर आणला जातो. त्याहून लहान फोटोंचं माप तेच राहतं, पण तेही दाबून साठवले जातात. रोजच्या फोटोंना हे चालेल. मुलांचे मोजके, जपायचे फोटो मूळ दर्जातच ठेवा असं आमचं ठाम मत आहे, कारण दाबलेल्या प्रतीतून मूळ प्रत परत मिळत नाही.

आणि एक प्रत घरी हवीच. गूगलवरचा आपला साठा उतरवून घ्यायची सोय म्हणजे ‘टेकआउट’, त्यात फक्त फोटोज निवडा. झिपचा आकार २ जीबी ठेवा, कारण फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही. झिप उतरवायचा दुवा साधारण आठवडाभरच चालतो, तेवढ्यात सगळ्या झिप उतरवून घ्या. उघडल्यावर फोटोंसोबत जेसन नावाच्या छोट्या फाइली दिसतील, त्या कचरा समजून फेकू नका. कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख आतच लिहिलेली असते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ती सहसा नसते, आणि टेकआउटमध्ये त्यांची तारीख या जेसनमध्येच मिळते. हे सगळं पेनड्राइव्हवर न ठेवता बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि वर्षातून दोनदा ती जोडून दहा-वीस फोटो उघडून बघा. न तपासलेली प्रत ऐन वेळी उघडेलच असं नाही.

प्रश्न: माझ्या फोनचा चार्जर ६५ वॉटचा आहे आणि लॅपटॉपलाही ६५ वॉटच लागतात. दोन्हीकडे टाइप-सी आहे, तरी लॅपटॉप ‘स्लो चार्जर’ दाखवतो. केबल खराब आहे का? (ठाणे)

उत्तर: बहुधा केबल ठीक आहे. टाइप-सी हे फक्त तोंडाचं नाव आहे. आतून किती व्होल्ट जायचे हे चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसात ठरवतात. लॅपटॉप ‘पॉवर डिलिव्हरी’ या टाइप-सी चार्जिंगच्या सामाईक पद्धतीची भाषा बोलतो. त्यात ५, ९, १५ आणि २० व्होल्ट हे ठरलेले टप्पे आहेत आणि ६५ वॉट म्हणजे २० व्होल्ट गुणिले ३.२५ अँपिअर. काही फोन कंपन्यांची जलद चार्जिंगची पद्धत मात्र स्वतःची असते, उदाहरणार्थ १० व्होल्ट आणि ६.५ अँपिअर. गुणाकार तोच येतो, पण लॅपटॉपला ती भाषा कळत नाही. मग दोघं खालच्या टप्प्यावर तडजोड करतात.

चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरं भिंगाखाली वाचा. आउटपुटमध्ये २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर लिहिलेलं नसेल तर तो लॅपटॉपचा चार्जर नव्हे. दोन तोंडांचा चार्जर असेल तर दुसऱ्या तोंडाला काही जोडलेलं नाही ना, तेही बघा, कारण तेव्हा वॉट वाटले जातात. केबलचीही एक मर्यादा आहे. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट वाहते. त्याच्या वर जायचं तर आत ई-मार्कर (केबलची क्षमता सांगणारी) चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते.

प्रश्न: २००० च्या आसपास डीटीपीवर टाइप केलेले लेख क्लाउडवर चढवले. फाइल उघडते, पण त्यातला एकही मराठी शब्द शोधून सापडत नाही. (कोल्हापूर)

उत्तर: त्या काळचे बरेचसे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवत. तुम्हाला ‘क’ दिसतो, पण फाइलीत मात्र रोमन अक्षर किंवा एखादं चिन्ह साठवलेलं असतं. संगणकाच्या दृष्टीने त्या फाइलीत मराठी नाहीच. मूळ फाइल तशीच जपा, तिची प्रत काढा, फाँटचं नेमकं नाव बघा आणि त्याच फाँटसाठी असलेल्या कन्व्हर्टरमधून ती प्रत युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणा. दुसऱ्या फाँटचा कन्व्हर्टर वापरला तर जोडाक्षरांचा चुथडा होतो.

रूपांतरानंतर तीन ठिकाणं डोळ्यांत तेल घालून तपासा. पहिली वेलांटी जुन्या फाइलीत अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं उलट आहे, जुन्या फाइलीत नंतर आणि युनिकोडमध्ये आधी. कन्व्हर्टर चुकला तर या दोन गोष्टी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. तिसरं ठिकाण म्हणजे अर्धा ‘ऱ’. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर डोंगराचा समुद्र होतो, आणि शुद्धलेखन तपासनीस तो पकडणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. हाताने दुरुस्त करायचं तर इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर ‘ऱ्य’साठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ.

‘ॲ’चंही लक्षात ठेवा. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहीत, आणि अजूनही अनेक जण तसंच लिहितात. दिसायला दोन्ही सारखे, पण एक शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. सगळ्या फाइलींत शोधा-आणि-बदला वापरून एकच रूप ठेवा.

प्रश्न: सासूबाईंच्या नव्या अँड्रॉइड फोनवर मागे जायचं बटणच नाही. बोट सरकवून मागे जाणं त्यांना जमत नाही. (नाशिक)

उत्तर: सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘नॅव्हिगेशन’ टाका आणि तीन बटणांचा पर्याय निवडा. बटणं खाली परत येतील. अक्षरांचा आकार आणि डिस्प्लेचा आकार ही दोन वेगळी सेटिंग्ज आहेत. अक्षरं अगदी टोकाला नेली तर काही ॲपमध्ये खालची बटणं पडद्याबाहेर जातात, म्हणून दोन्ही एकेक पायरीच वाढवा. बोट जास्त वेळ टेकून आयकॉन हलत असतील तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘टच अँड होल्ड डिले’ लांब करा.

एखाद्या दिवशी फोन अचानक बोलायला लागला आणि एका टिचकीने काही उघडेना, तर फोन बिघडलेला नसतो. आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबली जाऊन टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, चालू झालेलं असतं. तीच दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरा, म्हणजे ते बंद होईल.