आजोबांच्या डिस्चार्ज बुकातलं गाव

इंदूर

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. आजोबांना फौजेतून निवृत्त होताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकाचे तू पाठवलेले फोटो काल रात्री भिंग लावून पाहिले. फोनवरच सांगितलं असतं, पण हे काम कागद समोर ठेवून करायचं आहे. म्हणून लिहून देतो, जपून ठेव.

तू विचारलंस, "काका, यातला पत्ता आधारसारखा इथल्या इंदूरच्या सुदामानगरचा करून घ्यायचा ना?" नाही बाळ, तसं अजिबात करू नकोस. डिस्चार्ज बुकातला घरचा पत्ता म्हणजे भरतीच्या वेळी जवान कुठला होता त्याची नोंद. 1970 साली तुझे आजोबा सावंतवाडीहून बेळगावला जाऊन मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, तेव्हा इंदूर त्यांनी नकाशातही पाहिलं नसेल. इथे ते आले शेवटची पोस्टिंग इंदूरजवळच्या महूला होती म्हणून, आणि राहिले बँकेत गार्डची नोकरी मिळाली म्हणून. इंदूरचं राहणं 1987 पासूनचं. भरतीच्या नोंदीत इंदूर घुसवायला गेलीस, तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसचा, म्हणजे रेजिमेंटच्या जवानांचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाचा, बाबू पहिल्याच वाचनात अर्ज बाजूला ठेवील, आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

मग चूक कुठे आहे? चौथा फोटो मोठा करून बघ. गावाच्या रकान्यात इंग्रजीत 'सांगली' टाइप झालंय. खाली तहसील सावंतवाडी, जिल्हा रत्नागिरी. आजोबांचं गाव सांगेली. इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'ई' गळला आणि सावंतवाडी तालुक्यातलं खेडं कृष्णाकाठचं शहर होऊन बसलं. एवढीच चूक आहे. एका अक्षराची, पण माणसाचं गावच नेणारी.

आणि ती चूक आहे हे सिद्ध करणारा पुरावा त्याच पानावर आहे. दोन ओळी खाली जवळच्या रेल्वे स्टेशनचा रकाना आहे, तिथे 'बेळगाव' लिहिलंय. फौजेत हा रकाना असायचाच, कारण रजेचं रेल्वे वॉरंट त्यावरून निघायचं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 साली. त्याआधी सावंतवाडीकडचा जवान घाट चढून बेळगावलाच गाडी पकडायचा. सांगली शहराला स्वतःचं स्टेशन असताना तिथला कोण माणूस बेळगाव लिहून देईल? अर्जात हा मुद्दा नक्की घाल. कागदाची चूक त्याच कागदावरून दाखवता आली, की समोरच्या कारकुनाला सही करायला धीर येतो. मी त्या खुर्चीवर बरीच वर्षं बसलोय, म्हणून सांगतो.

जिल्ह्याला मात्र हात लावू नकोस. 'रत्नागिरी' पाहून तू घाबरलीस, पण ते बरोबर आहे. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला 1 मे 1981 रोजी. आजोबा भरती झाले तेव्हा सावंतवाडी रत्नागिरीतच होती आणि पुढे तीच नोंद उतरत आली. अर्जात फक्त 'तत्कालीन जिल्हा रत्नागिरी, सध्याचा जिल्हा सिंधुदुर्ग' असं लिही. अशी प्रकरणं पुष्कळ असतात. लातूरचे जुने जवान कागदावर उस्मानाबादचे असतात, कारण लातूर जिल्हा 1982 मध्ये झाला. आपल्या महूचंच घे, 2003 पासून सरकारी कागदावर डॉ. आंबेडकर नगर आहे. म्हणून आधीचे कागद चुकीचे ठरत नाहीत. जी नोंद चुकलेली नाही ती दुरुस्त करायला मागितली, की खऱ्या चुकीवरही संशय येतो.

आता माझी एक गोष्ट. कोणत्या ऑफिसातली ते विचारू नकोस. नवा क्लार्क होतो. एका जवानाच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोला पत्र जायचं होतं. जुन्या रजिस्टरवरून नवीन कार्डं टाइप करण्याचं काम माझ्याकडे होतं आणि गावाचा रकाना अरुंद होता. मी 'पिपल्या' एवढंच टाइप केलं आणि पुढचा शब्द सोडून दिला. इंदूरजवळ तेव्हा पिपल्याहाना होतं, पिपल्याराव होतं, पिपल्याकुमार होतं. आज तिन्ही शहरात आलीत, तेव्हा खेडी होती. त्या अख्ख्या सेक्शनमध्ये इंदूरचा मी एकटा. दुसऱ्या कोणाला हा फरक कळला नसता, मला कळायला हवा होता.

पत्र परत आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत आलं. पाकिटाच्या मागे पोस्टमननं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'इस नाम का कोई नहीं.' ते पाकीट फाइलीला लागलं आणि फाइल कपाटात गेली. सात महिन्यांनी त्या बाई दिराला घेऊन ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या, कडेवर मूल. त्यांना कोणी काही कळवलंच नव्हतं. मी रजिस्टर काढलं, मूळ नोंद पाहिली आणि माझ्या टाइप केलेल्या कार्डाशेजारी ठेवली. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. "अब तो आ जाएगा ना, भैया?" एवढंच म्हणाल्या. पत्त्याच्या बाबतीत मी इतका काटेकोर का, हे तू एकदा विचारलं होतंस. त्या बाईंमुळे.

म्हणून तुला सांगतो, हे आजोबा आहेत तोवर करून घे. आज ते स्वतःच्या हातानं सही करू शकतात, स्वतःच्या तोंडानं गाव सांगू शकतात. उद्या हाच अर्ज आजीला करावा लागला, तर आधी ती कोण, त्यांची कोण लागते, इथून सुरुवात होईल. पंच्याहत्तरीच्या बाईला त्या बाकावर बसवायचं नाही.

अर्ज एका पानाचा ठेव. वर आर्मी नंबर, रँक आणि नाव, डिस्चार्ज बुकात आहे अगदी तसंच. मग पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, नंबर. मग कोणत्या पानावर काय लिहिलंय, काय हवं, आणि का. शेवटी स्पष्ट विनंती कर की मूळ एनरोलमेंट फॉर्म (भरतीचा फॉर्म) आणि भरतीच्या वेळच्या पडताळणीच्या कागदांशी ही नोंद ताडून पाहावी. या वाक्यात सगळा जीव आहे. डिस्चार्ज बुक शेवटी तयार होतं, दुसऱ्या कागदांवरून उतरवून. भरतीचा फॉर्म मुळातला. तिथे बहुधा 'सांगेली' नीट असेल आणि 'ई' नंतर कुठेतरी गळला असेल. तसं निघालं तर तुला फार काही सिद्ध करावंच लागणार नाही.

सोबत गावच्या शाळेचा दाखला, सांगेली ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, आणि घरची जमीन आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावे असेल तर सातबारा जोड. तुझा चुलतभाऊ गणपतीला गावी जातोच, त्याला सांग. डिस्चार्ज बुकाची साक्षांकित प्रत लाव. मूळ पुस्तक पोस्टानं कुठेही पाठवायचं नाही, कोणी कितीही मागितलं तरी. आणि त्यावर पेन, व्हाइटनर काही लावायचं नाही. दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसनंच शिक्क्यासह करायची किंवा तसं पत्र द्यायचं. अर्ज इथल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे पाठवून घे आणि एक प्रत स्वतः स्पीड पोस्टानं बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला टाक. पावती त्याच फाइलीत ठेव.

शपथपत्राबद्दल सावध राहा. कोर्टाजवळचा टायपिस्ट न विचारताच तयार मजकूर छापून देतो, 'दोनों पते एक ही हैं.' नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असतो तेव्हा तसल्या वाक्यावर काम निघून जातं. इथे ते खोटं ठरेल. सांगली आणि सांगेली एक नाही, सांगेली आणि सुदामानगरही एक नाही. शपथेवर लिहायचं ते एवढंच: माझं मूळ गाव सांगेली, डिस्चार्ज बुकात टंकलेखनाच्या चुकीनं सांगली पडलं, 1987 पासून मी इंदूरला राहतो. तीन वेगळी वाक्यं. टायपिस्ट घाई करील, तू करू नकोस. सही होण्याआधी आजोबांना मोठ्यानं वाचून दाखव.

बरेच दिवस उत्तर नाही आलं, तर आजोबांच्याच सहीनं माहितीच्या अधिकारात स्वतःच्या एनरोलमेंट फॉर्मची प्रमाणित प्रत माग. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. भांडणाचा सूर नको. त्या ऑफिसात माणसं कमी आणि कपाटं फार, हे मी पाहिलंय.

राहता राहिला आजचा पत्ता. तो सुदामानगरचाच हवा, पण त्याच्या जागा वेगळ्या: पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेकडे (ईसीएचएस), बँकेत आणि सैनिक कल्याण कार्यालयाच्या नोंदीत. एकीकडे बदलला म्हणून दुसरीकडे आपोआप बदलेल असं धरून चालू नकोस; चारही ठिकाणी स्वतः पाहा. आजोबांची नोंदणी अजून सिंधुदुर्गच्याच सैनिक कार्यालयात असेल तर ती इंदूरला आणण्याचं काम आधी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जाशील तेव्हा स्पर्शवरचा पत्ता तिथेच वाचून घे.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी एक संध्याकाळ आजोबांपाशी नुसती बस. गावचं विचार. सांगेलीत दर होळीला फणसाच्या झाडाचा नवा देव उभा करतात, गिरोबा. झाड कसं निवडतात, कसं आणतात, हे त्यांनी मला महूच्या लायनीत एकदा रात्रभर सांगितलं होतं. गस्तीवर होतो दोघं. भरतीच्या दिवशी फॉर्म कोणी भरला, त्यांना वाचून दाखवला का, हेही विचार. यातलं काही अर्जात जाणार नाही, पण कोणत्या शाळेतून दाखला मागायचा आणि गावात कोणाला फोन करायचा, ते त्यातूनच कळेल.

रविवारी सकाळी दोघं या. पुस्तक साध्या प्लास्टिकच्या पिशवीत आण, लॅमिनेट करू नकोस. आजोबांचा वाचायचा चष्मा विसरू नको. डिस्चार्ज बुकात त्यांनी मराठीत सही केलीय आणि बँकेत इंग्रजीत करतात. अर्जावर मराठीतच हवी. घरी कोऱ्या कागदावर दोन-चारदा करवून घे, हात आता थरथरतो त्यांचा.

तुझा,
काका