वाचकांचे प्रश्न : अथेन्सचा नागरिक आणि सभेबाहेरचे लोक

प्रश्न (अमळनेर तालुक्यातील एक वाचक) : आमच्या गावची ग्रामसभा गणपूर्तीअभावी वारंवार तहकूब होते. प्राचीन अथेन्समध्ये मात्र सर्व नागरिक एकत्र बसून निर्णय घेत, असे आम्ही शाळेत शिकलो. ते खरोखरच सगळे येत असत का?

उत्तर : सगळे येत नसत, आणि येणे शक्यही नव्हते. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्समधील प्रौढ पुरुष नागरिकांची संख्या साधारण ३०,००० धरली जाते. प्निक्स टेकडीवर, जिथे सभा भरे, तिथे सुमारे ६,००० लोक मावत. मॅरेथॉनच्या शेतकऱ्याला सभेसाठी जवळपास ४० किलोमीटर चालावे लागे, आणि सभा तर वर्षातून ४० वेळा भरत. अगोरा म्हणजे बाजारचौक. तिथे रेंगाळणाऱ्यांना लाल रंगात बुडवलेल्या दोरीने सभेकडे हाकलले जाई, असा उल्लेख अ‍ॅरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. ४२५ मधील नाटकात आहे. आपल्या ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती पुरते. म्हणजे अनुपस्थितीचा प्रश्न अथेन्सकरांनाही होताच.

त्यावर त्यांनी काढलेला उपाय मला फार मोलाचा वाटतो. इ.स.पू. ४०३ नंतर सभेला येणाऱ्यास भत्ता सुरू झाला. तो आधी १ ओबोल (अथेन्सचे एक लहान नाणे) होता आणि काही वर्षांतच ३ ओबोल झाला. न्यायसभेत बसणाऱ्यांना तर पेरिक्लीस या पुढाऱ्याच्या काळापासूनच भत्ता मिळत होता. रोजंदारी बुडवून येणाऱ्या माणसाला राज्यकारभार परवडला पाहिजे, हा विचार त्यामागे उघड दिसतो. शिवाय ५०० सदस्यांचे मंडळ आणि बहुतेक अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडले जात. मंडळावर आयुष्यात दोनपेक्षा अधिक वेळा बसता येत नसल्यामुळे हे काम पुष्कळ घरांपर्यंत पोहोचत असे. केवळ सेनापतींसारख्या पदांसाठी, जिथे कौशल्याची गरज होती, हात वर करून मतदान होई. निवडणूक ही श्रीमंतांना सोयीची आणि चिठ्ठी ही लोकशाहीची पद्धत, असे अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवले आहे. निवडणुकीचा खर्च पाहणाऱ्या आजच्या वाचकाने त्यावर अवश्य विचार करावा.

प्रश्न (शिरपूर येथील एक शिक्षिका) : त्या काळी दाखले नव्हते, तर नागरिकत्व सिद्ध कसे होई? आणि स्त्रियांना मत नव्हते, तर त्यांना नागरिक म्हणावे का?

उत्तर : आपले दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देतो.

इ.स.पू. ५०८-०७ मध्ये क्लिस्थेनिस या सुधारकाने अ‍ॅटिकाची, म्हणजे अथेन्स व भोवतालच्या प्रदेशाची, विभागणी डीम नावाच्या सुमारे १४० वस्त्यांमध्ये केली. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याच्या डीमचे सदस्य शपथ घेऊन मतदान करीत आणि त्याचे नाव नोंदवहीत चढवीत. पुढे इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसने कायदा केला की आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच मुलगा नागरिक ठरेल. या कायद्याची झळ त्याच्याच घराला लागली. मिलेटस नगरातून आलेल्या अस्पेशियापासून झालेला त्याचा मुलगा नागरिक नव्हता. साथीच्या रोगात पहिले दोन्ही मुलगे गेल्यावर लोकांनी विशेष बाब म्हणून त्याला नागरिकत्व दिले.

या कायद्यामुळे स्त्रीचे स्थान चमत्कारिक झाले. तिला सभेत बसता येत नव्हते, तिचे नाव डीमच्या नोंदवहीत नव्हते, न्यायालयात तिच्यावतीने तिचा पालक पुरुष बोलत असे. पण मुलाचा हक्क मात्र तिच्या जन्मावर अवलंबून होता. नोंदच नसल्याने तिचा जन्म सिद्ध करायचा तो साक्षीदारांनी. लग्नाचे जेवण फ्रात्रीला, म्हणजे पतीच्या भाऊबंदांच्या गटाला, दिले होते का, मुलाला त्यांच्या सणात सर्वांपुढे आणले होते का, हे विचारले जाई. कानबाईच्या रोटाला कोण बसते यावरून आपल्याकडे घरचे कोण ते कळते, तसाच हा पुरावा होता. न्यायालयासाठी भाषणे लिहून देणाऱ्या इसेअसच्या एका भाषणात तर थेस्मोफोरिया या फक्त स्त्रियांच्या सणासाठी डीममधील बायकांनी एका स्त्रीला प्रमुख म्हणून निवडले होते, हीच गोष्ट तिच्या नागरिक जन्माचा पुरावा म्हणून मांडलेली आहे. धर्मकार्यात स्त्रिया नागरिक होत्या, त्यांची निवड गंभीरपणे घेतली जाई. राजकारणाचे दार मात्र त्यांना पूर्ण बंद होते, आणि ते सौम्य शब्दांत सांगण्याचे मला कारण दिसत नाही.

शेजाऱ्यांच्या मतावर हक्क अवलंबून असला की वैरही कामाला येते. इ.स.पू. ३४६-४५ मध्ये सर्व डीमच्या याद्या तपासल्या गेल्या, तेव्हा हलिमूस डीमच्या युक्सिथिअसचे नाव वगळले गेले. अपिलात हरला असता तर तो गुलाम म्हणून विकला गेला असता. त्याच्या बचावाचे डेमॉस्थेनिस या वक्त्याने लिहिलेले भाषण उपलब्ध आहे. सभा अंधार पडेपर्यंत लांबवली, लांबून आलेले लोक घरी गेले आणि मग माझे नाव मताला टाकले, अशी त्याची तक्रार आहे. वडील परक्या उच्चाराने बोलत, कारण ते युद्धात पकडले जाऊन परदेशी विकले गेले होते. आई बाजारात फिती विकत असे आणि दुसऱ्याच्या मुलाला तिने दूध पाजले होते. हे काम परक्या बाईचे, असा आरोप झाला. त्यावर तो सांगतो की गरिबीमुळे स्वतंत्र माणसांनाही हलकी कामे करावी लागतात. गरिबी आणि परकेपणा यांची गल्लत करणारे शेजारी मला त्या भाषणात फार स्पष्ट दिसतात.

प्रश्न (यावल तालुक्यातील एक शेतकरी) : आमच्याकडचा सालदार आणि अथेन्समधला गुलाम यांत साम्य आहे का?

उत्तर : नाही. सालदार करार करतो, वर्ष संपले की दुसरा मालक धरू शकतो, आणि वेठबिगारीवर आपल्याकडे १९७६ पासून कायद्याने बंदी आहे. गुलाम ही मालकाची मालमत्ता होती. उचल फिटत नाही म्हणून अडकलेल्या माणसाशी साम्य शोधायचेच तर ते सोलॉन या कायदेकर्त्याच्या आधीच्या अथेन्समध्ये सापडेल. तिथे कर्जदार स्वतःचे शरीर तारण ठेवी आणि कर्ज थकले की विकला जाई. इ.स.पू. ५९४ मध्ये सोलॉनने असे तारण बेकायदा ठरवले. त्यामुळे अथेन्सचा गरीब शेतकरी वाचला, पण कष्टाच्या कामासाठी थ्रेस आणि आशिया मायनरमधून विकत आणलेले परके गुलाम वाढत गेले. लॉरियमच्या चांदीच्या खाणींत हजारो गुलाम राबत. निकिअस या सेनापतीने स्वतःचे १,००० गुलाम तिथे भाड्याने दिले होते, असे झेनोफोनने लिहिले आहे. दर माणशी रोज १ ओबोल भाडे निकिअसला मिळे.