बॉल पायथनचं पिल्लू खात नसेल तर आधी पेटी बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की टोरांटोत लेकासाठी बॉल पायथनचं पिल्लू आणलं, तीन आठवडे झाले तरी त्यानं एकही उंदीर खाल्लेला नाही आणि रात्रभर काचेला नाक घासत फिरतंय. दुकानदार म्हणतो टँक फार मोठा झालाय, लहान घ्या. मला हे पटत नाही. तुम्ही सांगितलेली मांडणी अशी: चारही बाजूंनी उघडी काच, वर जाळीचं झाकण, एक लाल दिवा, तळाला वर्तमानपत्र आणि लपायला एकच अर्धगोल लाकूड, तेही दोन्ही बाजूंनी मोकळं. टँकचा आकार ठीक आहे. पिल्लाला लपायला जागा नाही, ही खरी अडचण आहे.

हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ प्रदेशातला. दिवसा तो उंदरांच्या बिळांत नाहीतर वाळवीच्या वारुळांत पडून असतो आणि अंधार पडला की बाहेर येतो. घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा गोळा करतो. अशा प्राण्याला अंगाला चारी बाजूंनी काहीतरी टेकलेलं लागतं. तेव्हा आजच टँकच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद चिकटवा. एकच तोंड असलेल्या, आत शिरल्यावर पिल्लाची वेटोळी भिंतींना टेकतील इतक्या लहान दोन गुहा घ्या, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. दोन्ही एकसारख्याच घ्या. एकच ठेवली तर साप सुरक्षितता आणि ऊब यांतलं एक निवडतो, आणि बहुतेक वेळा ऊब सोडून देतो. मधली मोकळी जागा प्लॅस्टिकची पानं, फांद्या, बुचाच्या साली यांनी भरून टाका. लेकाला साप दिसणार नाही म्हणून वाईट वाटेल, पण दडायला भरपूर जागा असलेला सापच पुढे धीट होऊन बाहेर येतो.

आता उष्णता. यात तडजोड करू नका. साप स्वतःच्या शरीरात ऊब तयार करत नाही, जागा बदलून ती मिळवतो. म्हणून पेटीभर एकच तापमान उपयोगाचं नाही. उबदार टोकाला, साप जिथे बसतो त्या पृष्ठभागावर ३२ ते ३४ अंश सेल्सिअस, गार टोकाला २५ ते २७, आणि रात्री कुठेही २३ च्या खाली नको. ऊब पुरेशी नसेल तर खाल्लेलं पचत नाही, आणि मग साप खायचंच टाळतो. लाल दिवा काढून टाका. दिवसरात्र उजेड राहिला की त्याचं दिवसाचं चक्र बिघडतं. दिवसा हॅलोजन आणि रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर किंवा डीप हीट प्रोजेक्टर वापरा, आणि दोन्ही थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरवलेलं तापमान राखणाऱ्या यंत्रावर, लावा. पैसे कमी पडत असतील तर शोभेच्या वस्तू नंतर घ्या, थर्मोस्टॅट आधी. थर्मोस्टॅटशिवाय चालवलेली हीट मॅट पोट भाजेपर्यंत तापू शकते आणि साप वेळेत त्यावरून उठेलच असं नाही. विजेवर तापणारे नकली दगड तर घेऊच नका. काचेला चिकटवायचे काटेवाले थर्मामीटर काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतात, सापाच्या पोटाखालचं नाही. प्रोबवाला, म्हणजे वायरच्या टोकाने तापमान मोजणारा डिजिटल घ्या, जोडीला इन्फ्रारेड थर्मामीटर असला तर उत्तम.

तुमच्याकडे हिवाळ्यात घर तापवणारी भट्टी सुरू झाली की घरातली हवा अगदी कोरडी होते. या सापाला ६० ते ७० टक्के दमटपणा लागतो, कात टाकायच्या दिवसांत त्याहूनही थोडा जास्त. जाळीतून सगळी वाफ निघून जाते. दिव्याची जागा आणि थोडी फट सोडून उरलेल्या जाळीवर अॅल्युमिनियम फॉइल लावा. वर्तमानपत्र काढून नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि काथ्याचा भुसा यांचा आठ-दहा सेंटीमीटर थर घाला. देवदार किंवा पाइनचा भुसा नको, त्यातल्या तेलांचा सापांना त्रास होतो. सकाळ-संध्याकाळ फवारे मारण्यापेक्षा कोपऱ्यांत तांब्याने पाणी ओता, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहील. वरचा थर सतत ओला राहिला तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात. कात एका तुकड्यात निघते का आणि डोळ्यांवरची चकती तिच्यासोबत आली का, हे दर वेळी बघा. तुकड्यातुकड्यांनी निघाली तर दमटपणा कमी पडतोय.

हे सगळं झालं की आठवडाभर पिल्लाला हात लावू नका. लेकाला हे जड जाईल, त्याला पाणी बदलणं आणि तापमानाची वही लिहिणं ही कामं द्या. त्यानंतर संध्याकाळी, दिवे मंद करून, गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून गरम पाण्यात धरा आणि अंगाला ऊब लागल्यावर चिमट्याने गुहेच्या तोंडाशी न्या. जाडी सापाच्या अंगाइतकी, फार मोठा नको. जिवंत उंदीर टाकून निघून जाऊ नका, उंदीर सापाला चावून जबर जखमा करतात. खाल्ल्यावर दोन दिवस हाताळणी बंद. आणि दर आठवड्याला ग्रॅममध्ये वजन करा. मोठा बॉल पायथन हिवाळ्यात महिनोन्‌महिने न खाता ठणठणीत राहतो, पण पिल्लाचं वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला किंवा तोंडात फेस दिसला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचे पशुवैद्य गाठा.

पूर्ण वाढीला १२० × ६० × ६० सेंटीमीटरची पेटी लागेल, म्हणून लहान टँकवर आत्ता पैसे घालू नका. झाकणाला कुलूप किंवा क्लिपा हव्यातच, हे साप नाकाने ढकलून बाहेर पडतात. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचा धोका असतो, घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर जास्तच जपा. आणखी एक: हे साप वीस-तीस वर्षं जगतात. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये, साठीच्या पुढे असताना अंडी घातली. लेक कॉलेजला गेला की पेटीकडे कोण बघणार, ते आत्ताच घरात बोलून ठेवा.

तुमच्या पुण्याच्या भाच्यालाही साप पाळायचाय, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्याला सांगा, धामण, मांडूळ, अजगर किंवा कुठलाही देशी साप घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तो पकडलेला असो वा कुणी 'दिलेला'. मांडुळामागे तर अंधश्रद्धेचा मोठा काळाबाजार आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद बंधनकारक आहे. कागद नसलेला साप त्याने घेऊ नये. घरात साप निघाला तर वनविभागाला किंवा सर्पमित्रांना बोलवावं.

बदल केल्यावर दोन्ही टोकांचं तापमान, दमटपणा आणि पिल्लाचं वजन लिहून कळवा. आकडे बघून पहिला उंदीर कधी द्यायचा ते सांगतो.